शिकाऊ मुलं, मोबाईल आणि ‘हो सर, कळलं’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत सीएनसी टर्निंगचं (संगणकावर चालणाऱ्या लेथचं) युनिट, बारा मशिन, आणि त्यावर आयटीआय किंवा डिप्लोमा करून आलेली १८ ते २१ वयाची पाच शिकाऊ मुलं. मुलं हुशार आहेत, यूट्यूबवर सगळं बघतात, ड्रॉइंगचे फोटो काढून ठेवतात. काही सांगितलं की ‘हो सर, कळलं’ म्हणतात, ग्रुपवर सूचना टाकली की लगेच अंगठा येतो, आणि नेमकी त्याच सूचनेत चूक होते. अडलं तर विचारत नाहीत, फोन केला तर उचलत नाहीत. म्हणून तुम्ही विचारलंय, की शॉपमध्ये मोबाईलवर सरसकट बंदी घालावी का.

बंदीचं शेवटी बोलू, ते त्या मानाने सोपं आहे. आधी अडचण नीट सुटी करून घ्यायला हवी, कारण तुमच्या वर्णनात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्यात. पहिली: बघितलेलं आणि हाताला येणारं यातला फरक मुलांना स्वतःलाच कळत नाही. दुसरी: तुमच्याकडे ‘निरोप मिळाला’ आणि ‘निरोप समजला’ या दोन्हींसाठी एकच खूण आहे, तो अंगठा. तिसरी: विचारायला जागा नाही, किंवा आहे पण मुलांना तिथे जाण्याचा संकोच वाटतो. मोबाईल काढून घेतला तर यातली एकही सुटत नाही. न समजता ‘हो कळलं’ म्हणणारी मुलं मोबाईलच्या आधीही होती. तेव्हा ती शिव्या चुकवायला तसं म्हणायची. आता त्यांना खरोखरच कळल्यासारखं वाटतं. हा बदल लक्षात घेतला तर पुढचं सगळं सोपं जातं, कारण मग तुम्ही मुलाला खोटारडा ठरवत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. एकच पार्ट महिनोन्महिने चालत असेल तर शिकाऊ मुलाला विचार करायची वेळ कमी येते आणि खाली लिहिलेलं निम्मं पुरेल. जॉबवर्क (दुसऱ्यांच्या ऑर्डरीचे वेगवेगळे पार्ट) असेल, दर दोन-तीन दिवसांनी सेटिंग बदलत असेल, तर सगळं लागेल. मी दुसरी परिस्थिती धरून लिहितोय. कंट्रोल, म्हणजे मशिनचा संगणक, फॅनक कंपनीचा धरलाय, सिमेन्स असेल तर बटणं वेगळी, विचार तोच. आणि प्रत्येक पाळीत एक तरी जुना सेटर, म्हणजे नव्या जॉबसाठी मशिन लावून देणारा माणूस, आहे असं धरलंय. रात्रपाळीला पाचही मुलं एकटीच असतील तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आधी ती व्यवस्था करा.

आता व्हिडिओ. मायकल कार्डास आणि एड ओब्रायन या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावेत. भांड्यांखालून टेबलक्लॉथ झटक्यात ओढणं, मूनवॉक करणं, डार्ट फेकणं अशा कृतींचे व्हिडिओ लोकांना दाखवले, काहींना एकदा, काहींना पुन्हा पुन्हा. ज्यांनी जास्त वेळा बघितलं त्यांचा ‘मला जमेल’ हा विश्वास वाढला. प्रत्यक्ष करायला दिलं तेव्हा कामगिरी काही वाढली नाही. बघताना डोळ्याला पायऱ्या कळतात, पण हाताला किती जोर लावायचा, कुठे थांबायचं, काय बिघडल्यासारखं वाटलं तर मागे यायचं, हे कळत नाही. सीएनसीवर तर निम्मं काम याच गोष्टींचं आहे.

त्यात मशिनिंगच्या व्हिडिओंचे काही खास धोके आहेत. पहिला धोका आकड्यांचा. व्हिडिओत माणूस सांगतो, ‘या मटेरियलला सोळाशे आरपीएम ठेवा’. मुलगा तो आकडा लक्षात ठेवतो. पण तो आकडा मटेरियलचा नसतो, त्या व्यासाचा असतो. कटिंग स्पीड, म्हणजे फिरत्या जॉबचा पृष्ठभाग टूलसमोरून जाण्याचा वेग, २०० मीटर प्रति मिनिट हवा असेल आणि व्यास ४० मिमी असेल, तर १००० गुणिले २००, भागिले ३.१४ गुणिले ४०, म्हणजे साधारण १६०० आरपीएम. तेच १६०० तुम्ही ८० मिमी व्यासावर लावलेत तर कटिंग स्पीड ४०० च्या वर जातो आणि इन्सर्टची (टूलवर बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याची) धार बघता बघता जाते. १५ मिमीवर लावलेत तर स्पीड ७५ वर येतो, धारेवर मटेरियल चिकटतं, फिनिश खरबरीत येते. मुलगा म्हणणार, ‘सर, व्हिडिओत हाच आकडा होता’, आणि तो खरं बोलत असतो. बरेच चांगले व्हिडिओ अमेरिकेतले असतात आणि तिथे माप इंचात. फीड (एका फेऱ्यात टूल जेवढं पुढे सरकतं ते अंतर) ०.०१० इंच प्रति फेरा म्हणजे आपल्याकडे ०.२५ मिमी. कुणी ०.०१० तसंच टाकलं तर टूल कापत नाही, नुसतं घासतं, आणि दोष इन्सर्टच्या कंपनीवर जातो.

दुसरा धोका, जे दिसत नाही त्याचा. व्हिडिओ बहुधा प्रोग्रामच्या मधून सुरू होतो. वर कुठेतरी जी ५० या आज्ञेने कमाल आरपीएम बांधलेला असतो, ती ओळ पडद्यावर येतच नाही. मुलगा जी ९६ (व्यास बदलला तरी कटिंग स्पीड कायम ठेवणारी आज्ञा) लावून फेसिंग घेतो, म्हणजे जॉबचं तोंड कापतो. टूल मध्याकडे जातं तसा व्यास शून्याकडे जातो आणि आरपीएम मशिनच्या मर्यादेपर्यंत चढत जातो. वेग वाढला की चकचे जॉ, म्हणजे जॉब पकडणारे जबडे, बाहेरच्या बाजूला ओढले जातात आणि जॉबवरची पकड ढिली होते. याचा परिणाम काय, ते तुम्हाला सांगायला नको. तिसरं, एडिटिंग. डायल लावून जॉबचा रनआउट, म्हणजे फिरतानाचं डगमगणं, काढायला नवशिक्याला वीस मिनिटं लागतात, व्हिडिओत ते आठ सेकंदांत होतं. मग मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही, आणि तो ती पायरी गाळतो. गाळल्याचं दिसतही नाही, कारण पहिला पीस कधी कधी तसाही बरोबर येतो.

तरीही व्हिडिओ बंद करू नका. बघायची पद्धत बदला. एका वेळी एकच क्रिया, दोन-तीन मिनिटांचा तुकडा, आणि तो मशिनपासून दूर, बसून बघायचा. सुरू करण्याआधी मुलाने कागदावर लिहायचं: आता तो काय करेल आणि का. मग बघायचं. प्रत्येक आकड्याला थांबवायचं आणि विचारायचं, हा आकडा कशावरून आला? व्यासावरून, मटेरियलवरून, टूलच्या लांबीवरून, की त्याच्या मशिनच्या ताकदीवरून? ‘माहीत नाही’ हे उत्तर चालतं, पण ते लिहिलं गेलं पाहिजे. मग मोबाईल खिशात, आणि आठवून पायऱ्या सांगायच्या. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी हाताने करायचं, सेटर शेजारी उभा. आठवड्याने तेच पुन्हा, व्हिडिओ न बघता.

आठवून सांगण्यावर मी इतका भर देतो त्याला कारण आहे. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवलं होतं, की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवतं, पण आठवड्याने मात्र ज्यांनी वाचन थांबवून आठवून लिहिलं होतं ते पुढे जातात. तुमच्या मुलांची सवय पहिल्या गटाची आहे: विसरलो की परत व्हिडिओ. पाच मिनिटांपुरतं ते बरोबर दिसतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

पुढचा मुद्दा मापाचा, आणि याच्यावर मला सर्वात जास्त बोलायचंय. प्रथम संस्थेचा ‘असर २०२३’ अहवाल जानेवारी २०२४ मध्ये आला, ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांवर. स्मार्टफोन वापरता येणारी मुलं ९० टक्क्यांच्या वर होती. वस्तू पट्टीच्या शून्यावर ठेवली तर सुमारे ८५ टक्के मुलांना तिची लांबी सांगता आली. तीच शून्य सोडून पुढे ठेवली तर ३९ टक्क्यांनाच. हा आकडा वाचून मुलांना नावं ठेवू नका. तुमच्या दृष्टीने तो एक इशारा आहे, कारण आपलं सगळं काम सरकवलेल्या शून्यावर चालतं. वर्क ऑफसेट म्हणजे काय, शून्य कुठे नेलं ते. मायक्रोमीटर पूर्ण मिटवल्यावर अधिक ०.०१ दाखवत असेल तर प्रत्येक मापातून ०.०१ वजा करायचं, हेही सरकलेलं शून्यच. नवीन मुलगा आला की पहिल्या दिवशी स्टीलच्या पट्टीवर एक जॉब ३ सेंटीमीटरच्या खुणेपासून ठेवा आणि लांबी विचारा. एका मिनिटात तुम्हाला कळेल त्याला कुठून शिकवायचं.

आता एक चूक जवळून बघू. तुमच्याकडची बरीच रिजेक्शन याच जागी होत असणार, असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं.

बाहेरचा व्यास ४०.०० हवा. पहिला पीस ४०.०६ आला. साठ मायक्रॉन जास्त. मुलाला माहीत आहे की वेअर ऑफसेटमध्ये (टूलची झीज भरून काढायच्या दुरुस्तीत) एक्सला, म्हणजे व्यासाच्या दिशेला, उणे ०.०६ द्यायचं. तो ऑफसेटच्या पानावर जातो, बरोबर टूलच्या ओळीवर कर्सर नेतो, -०.०६ टाइप करतो. खाली दोन पर्याय असतात: ‘इनपुट’ आणि ‘प्लस इनपुट’. प्लस इनपुट दिलं तर आधीच्या आकड्यात भर पडते. नुसतं इनपुट दिलं तर आधीचा आकडा पुसला जातो आणि त्याजागी नवा बसतो. समजा तिथे आधी -०.१२ होतं. प्लस इनपुटने ते -०.१८ होईल आणि पुढचा पीस ४०.०० येईल. इनपुटने ते -०.०६ होतं, टूल उलट बाहेर सरकतं, आणि पीस ४०.१२ येतो. हे निदान रिवर्कला जातं. पण आधी तिथे अधिक ०.१० असेल तर? इनपुटने तेही -०.०६ होतं, व्यासात एकूण १६० मायक्रॉन जास्त कापलं जातं, पीस ३९.९०. तो भंगारात. मुलाने दोन्ही वेळा तेच केलं, तेच बटण, तोच आकडा. एकदा सुटला, एकदा सापडला.

याचा मोबाईलशी संबंध काय? मोबाईलवर लिहिताना चुकलं तर पुसून पुन्हा लिहिता येतं, पाठवलेलं डिलीट करता येतं, आणि शब्द अर्धा लिहिला तरी फोन स्वतः पूर्ण करतो. हात ‘आधी दाब, मग बघ’ या क्रमाला सरावलेला असतो. मशिनला ‘पूर्ववत करा’ नाही. शिवाय दशांश चिन्हाची बेफिकिरी: काही कंट्रोलवर चिन्हाशिवाय टाकलेला आकडा मायक्रॉनमध्ये धरला जातो, काहींवर मिलिमीटरमध्ये, ते पॅरामीटरवर ठरतं. बारा मशिन वेगवेगळ्या सालांच्या असतील तर दोन्ही प्रकार तुमच्याच छताखाली असू शकतात. ते आज तपासून प्रत्येक मशिनवर एक पट्टी चिकटवा.

उपाय साधा आहे, एक वही. प्रत्येक मशिनला एक, पाच रकाने: मोजलेलं माप, आधीचा ऑफसेट, द्यायची दुरुस्ती, नंतर किती दिसायला हवा, पुढचा पीस किती यायला हवा. पाचही आकडे लिहिल्याशिवाय बटण दाबायचं नाही. चौथा रकाना इनपुटची चूक तिथल्या तिथे पकडतो, कारण पडद्यावर -०.१८ ऐवजी -०.०६ दिसलं की वहीशी जुळत नाही. पाचवा रकाना शिकवण्यासाठी आहे. भाकीत लिहिलं की पुढच्या पीसचं माप हा मुलासाठी निकाल होतो, नुसता आकडा राहत नाही. पहिला महिना आकडे मोठ्याने बोलायला लावा. ऐकायला बाळबोध वाटेल, पण तोंडातून ‘उणे शून्य पॉइंट अठरा’ निघालं की हात आपोआप अर्धा सेकंद थांबतो.

ही वही बिघडते कशी, तेही सांगतो. दोन आठवड्यांनी मुलं ती पाळीच्या शेवटी एकदम भरायला लागतात. ओळखायचं असं: सगळ्या नोंदी एकाच पेनने, एकाच तिरकसपणे, आणि प्रत्येक भाकीत बरोबर. खऱ्या वहीत भाकितं चुकतात. चुकलेल्या भाकितावर रागावलात की दुसऱ्या दिवसापासून सगळी भाकितं बरोबर यायला लागतील आणि वहीचा उपयोग संपेल.

ड्रॉइंगच्या फोटोबद्दल. फोटो काढला की डोकं निश्चिंत होतं, आता बघायची गरज नाही, मोबाईलमध्ये आहे. पण त्याहून मोठी अडचण रिव्हिजनची, म्हणजे ड्रॉइंगच्या बदललेल्या आवृत्तीची. ड्रॉइंग सी झालं, मुलाच्या गॅलरीत बी आहे, आणि झूम केल्यावर कोपऱ्यातला रिव्हिजनचा चौकोन पडद्याबाहेर जातो. शिवाय ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असेल तर कामगाराच्या खासगी फोनमध्ये त्यांची ड्रॉइंग असणं हाच भंग ठरू शकतो. तेव्हा ड्रॉइंगचा फोटो नाही, हा नियम सरळ करा आणि कारण सांगा. त्याऐवजी सेटिंग सुरू करण्याआधी मुलाने अर्ध्या पानावर हाताने आकृती काढायची: जॉब कसा पकडला, शून्य कुठे घेतलं, सर्वात घट्ट टॉलरन्सचं (सर्वात कमी फरक चालणारं) माप कोणतं, ते कशाने मोजणार, आणि रिव्हिजन. आकृती बेढब आली तरी चालेल. दहा मिनिटं जातात. ही दहा मिनिटं वाचवायला गेलात तर पहिल्या पीसवर तासभर जातो.

आता निरोपांकडे येऊ. रेल्वेत स्टेशन मास्तर आणि गेटमन फोनवर बोलतात तेव्हा नुसतं ‘बरं, कळलं’ चालत नाही. ‘प्रायव्हेट नंबर’ म्हणून एक आकडा सांगितला जातो आणि तो समोरच्याने नोंदवायचा असतो. निरोप पोचला याचा पुरावा म्हणजे परत आलेली खूण. तुमच्या ग्रुपला हेच हवंय. मुलांच्या दृष्टीने अंगठ्याचा अर्थ ‘बघितलं’ एवढाच आहे, मित्रांच्या ग्रुपवरही तो तसाच वापरला जातो. तुम्ही त्याचा अर्थ ‘समजलं, करतो’ असा घेता. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक आहात.

तेव्हा सूचना लिहायची रीत ठरवा. ‘बोअर (आतलं भोक) जरा मोठा ठेवा रे’ असं लिहू नका. असं लिहा: ‘पार्ट ४४१२, ऑपरेशन २०. बोअर २५.०० धरत होतो, आता २५.०२ धरायचा. मशिन ५ आणि ६. आज दुसऱ्या पाळीच्या पहिल्या पीसपासून.’ आणि उत्तर अंगठ्याने नाही, आकड्याने यायचं: ‘मशिन ५, ऑपरेशन २०, बोअर २५.०२. पहिला पीस २५.०१८.’ या उत्तरात सूचना परत आली, आणि ती अमलात आल्याचं मोजमापही आलं. ज्याचं उत्तर आलं नाही त्याच्या मशिनकडे सेटरने चालत जायचं.

माप, मटेरियल आणि रिव्हिजन यांतला बदल मात्र फक्त ग्रुपवर कधीच सोडू नका. व्हॉट्सॲपवरचा संदेश पाठवल्यानंतर पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो, डिलीटही होतो, आणि शंभर संदेशांखाली गाडला जातो. हे बदल जॉबकार्डावर, सहीने. ग्रुपवर एवढंच: ‘४४१२ चं कार्ड बदललंय, मशिनजवळ जाऊन बघा.’ पाळी बदलताना दहा मिनिटं दोन्ही पाळ्यांचे ऑपरेटर मशिनसमोर एकत्र उभे राहिले पाहिजेत. ही दहा मिनिटं वाचवण्यासाठी ग्रुप वापरला जातो, आणि माझ्या मते ग्रुपचा सर्वात महाग वापर तोच आहे.

व्हॉइस नोटला बरेच मालक नाक मुरडतात. मी मुरडत नाही. गावाकडून आलेला मुलगा किंवा हिंदी भाषक मुलगा लिहिताना अडखळतो, बोलताना नेमकं सांगतो. अट दोनच: तीस सेकंदांच्या आत, आणि सुरुवातीला मशिन नंबर आणि पार्ट नंबर. म्हणजे नंतर शोधताना सगळ्या नोट उघडाव्या लागत नाहीत.

फोन न उचलण्याचं कारण बहुतेक वेळा उर्मटपणा नसतो. या वयाच्या मुलांसाठी न कळवता आलेला फोन म्हणजे एकतर घरची वाईट बातमी, नाहीतर रागावणं. लिहिलेल्या निरोपाला उत्तर देताना विचार करायला वेळ मिळतो, फोनवर आपलं अज्ञान लगेच उघडं पडतं. आधी एक ओळ टाका: ‘मशिन ३ च्या थरथरीबद्दल दोन मिनिटं बोलायचंय, पाच वाजता फोन करतो.’ बहुतेक मुलं उचलतील. रात्री अकराला ग्रुपवर चूक दाखवणारा फोटो टाकत असाल तर ते आजच थांबवा. चुकलेल्या पीसचा फोटो, खाली मुलाचं नाव आणि प्रश्नचिन्ह, हे चाळीस जणांनी बघितलं की त्या मुलाचे पुढच्या सहा महिन्यांचे प्रश्न संपतात. चूक मशिनजवळ, एकट्याला. ग्रुपवर फक्त चुकीचं कारण आणि उपाय, नाव न घेता.

आणि विचारायला वेळ ठरवून द्या. पाळीत दोनदा, दहा-दहा मिनिटं, चहाच्या आधी आणि जेवणानंतर. सेटर त्या वेळी मोकळा असलाच पाहिजे. ‘काही अडचण?’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही सर’ येणारच. ‘आज कोणत्या आकड्याची खात्री नव्हती?’ असं विचारा. पहिल्या आठवड्यात जुन्या सेटरने स्वतःचा एक आकडा सांगावा. त्याने सांगितला की मुलं सांगतात.

चॅटजीपीटीसारखी साधनं मुलं वापरतातच, तुम्हाला दाखवून किंवा न दाखवता. दाखवून वापरलेली बरी. इंग्रजी अलार्मचा अर्थ मराठीत समजून घेणं, आरपीएमचं सूत्र, त्रिकोणमितीने टेपरचा कोन काढणं, मॅन्युअलमधला परिच्छेद सोपा करून घेणं, यासाठी ती चांगली आहेत. पण पॅरामीटर, हायड्रॉलिक चकचं प्रेशर, जॉब किती बाहेर ठेवायचा, हे त्यांना तुमच्या मशिनकडे न बघता सांगता येणार नाही, आणि तरी ती ठामपणे सांगतील. नियम असा ठेवा: फोनवरून आलेलं उत्तर मशिनमध्ये जाण्याआधी मॅन्युअलमध्ये, सेटअप शीटवर किंवा सेटरच्या तोंडून एकदा जुळलं पाहिजे. न जुळलेलं उत्तर घेऊन आलेल्या मुलाचं कौतुक करा, त्याने प्रश्न अर्धा सोडवून आणलेला असतो.

मुलांच्या सवयींचा तुम्हाला फायदाही आहे, आणि तो फार थोडी युनिट घेतात. व्हिडिओ बघण्यापेक्षा बनवण्यात शिकणं जास्त होतं. प्रत्येक मुलाला आपल्या मशिनच्या एका कामाचा दीड मिनिटाचा व्हिडिओ करायला सांगा: सॉफ्ट जॉ बोअर करणं, टूलचं शून्य घेणं, इन्सर्ट बदलल्यावरचा पहिला पीस. मराठीत किंवा हिंदीत, मशिन थांबलेलं, कॅमेरा दुसऱ्याच्या हातात, ग्राहकाचं ड्रॉइंग चौकटीत येऊ द्यायचं नाही. प्रत्येक आकड्यानंतर ‘कारण’ हा शब्द आलाच पाहिजे. सेटर तपासतो, चुकलं तर पुन्हा. पास झालेला व्हिडिओ कंपनीच्या टॅबवर ठेवा आणि त्याचा क्यूआर कोड मशिनच्या दरवाज्यावर लावा. पुढच्या वर्षीची मुलं तुमच्या मशिनवरचे, तुमच्या चकचे, मिलिमीटरमधले व्हिडिओ बघतील. जो मुलगा ‘कारण’ च्या पुढे अडखळतो, त्याला काय येत नाही ते तुम्हाला परीक्षा न घेता कळतं.

आता बंदी. फिरत्या मशिनजवळ मोबाईल नको, यात चर्चा नाही. मशिनभोवती पिवळी पट्टी आखा, तिच्या आत फोन हातात नाही, हे सेटरला आणि तुम्हालाही लागू. इअरफोन तर अजिबात नको. इन्सर्ट गेला की आवाज आधी बदलतो, माप नंतर. कान झाकलेला ऑपरेटर ते पंधरा पीसनंतर ऐकतो. पट्टीबाहेर एक टेबल, एक टॅब, भिंतीवर चार्जर आणि फोन ठेवायला कप्पे. घरच्यांसाठी ऑफिसचा नंबर द्या आणि त्यावर आलेला निरोप लगेच मुलापर्यंत पोचवा. एकदा जरी घरचा तातडीचा निरोप अडकला तर फोन पुन्हा खिशात येतील, आणि मग मुलांना दोष देता येणार नाही.

हे सगळं एकदम सुरू करू नका. सोमवारी एकाच मशिनवर ऑफसेटची वही लावा, ज्या सेटरला मुलं मानतात त्याच्या मशिनवर. दोन आठवडे फक्त तेवढंच. मग ग्रुपवरची आकड्याने उत्तर द्यायची रीत, मग विचारायची वेळ, व्हिडिओ सर्वात शेवटी. महिन्याभरात दोनच गोष्टी मोजा: सेटिंगनंतर पहिला पीस किती वेळा पास झाला, आणि मुलांनी आपणहून किती प्रश्न आणले. पहिल्या दोन आठवड्यांत दुसरा आकडा वाढून पहिला तसाच राहिला तर घाबरू नका, क्रम तोच असतो. तुमची कोणती मशिन कोणत्या कंट्रोलची आहेत आणि सेटअप शीट सध्या कोण लिहितं, हे कळवलंत तर वहीचे रकाने तुमच्या कामाप्रमाणे लिहून देतो.